पण लक्षात कोण घेतो

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची सामाजिक कादंबरी. आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली व १८९३ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. पुण्यातील ब्राह्मण कुटुंबात वाढणाऱ्या यमूने आपले बालपण, लग्न व वैधव्य यांची हकीकत स्वतःच सांगितली आहे, अशी तिची आत्मनिवेदनात्मक रचना आहे.

यमूची आई वारते व वडील दुसरे लग्न करतात. थोरला भाऊ हाच तिचा आधार. लहान वयात तिचे लग्न होते. पती रघुनाथराव सुशिक्षित व समंजस असल्याने ती लिहावाचावयास शिकते. पुढे मुंबईस वेगळे बिऱ्हाड केल्यावर वाचन, मित्रमंडळी, मोकळे बोलणे असे दिवस तिला लाभतात; तिच्या आयुष्यातील खरे सुख तेवढेच. पतीच्या मृत्यूनंतर ती पुन्हा सासरच्या सत्तेखाली येते. तेथे शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे बळजबरीने केशवपन होते. अखेर तिचा मृत्यू होतो. मैत्रीण दुर्गी हिच्या दुःखद संसाराचे उपकथानकही यात गुंफलेले आहे.

गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून यूरोपात रूढ झालेल्या विकासकादंबरीतील नायक घर सोडतो, चुकतो, शिकतो व जगात आपली जागा मिळवितो. यमूला चुकण्याचीही मुभा नाही. तिच्या आयुष्यातील प्रत्येक टप्पा इतरांनी ठरविलेला आहे. अक्षरज्ञान तेवढे तिचे स्वतःचे होते आणि त्याच्याच बळावर ही कहाणी लिहिली जाते. सॅन्ड्रा सिस्नेरोस यांच्या ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (१९८४) या कादंबरीतील शिकागोची मेक्सिकन-अमेरिकन मुलगी एस्पेरान्झा हीही साध्या, बालिश वाटणाऱ्या बोलीतून भोवतालच्या स्त्रियांची कोंडी टिपते. तिला स्वतःचे घर हवे आहे. यमूची मागणी याहून लहान आहे : मुंबईचे ते भाड्याचे बिऱ्हाड मोडू नये. एस्पेरान्झाची लेखिका त्याच समाजातील स्त्री आहे. यमूचा आवाज मात्र पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या पुरुषाने कल्पिलेला आहे, आणि तरीही तो क्वचितच खोटा वाटतो.

कादंबरी चालू असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला व त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. विधवाविवाहास कायद्याने मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. माजघरातील स्थिती मात्र फारशी पालटली नव्हती. सुधारणेचा तात्त्विक पक्ष न मांडता आपट्यांनी वाचकास त्या माजघरातच नेऊन बसविले, हे त्यांचे सामर्थ्य होय.

साप्ताहिकाच्या गरजेमुळे पाल्हाळ पुष्कळ शिरला आहे आणि शंकरमामंजींचे चित्र एकरंगी झाले आहे. घरगुती संभाषणे मात्र, विशेषतः बायकांची आपसांतील बोलणी, आजही जिवंत वाटतात.