‘ढ’ ठरवलेल्या मुलाला वाचायला शिकवताना

चौथीतला मुलगा ऐकलेली गोष्ट तोंडी नीट सांगतो, दुकानातून सुट्टे पैसे बरोबर मोजून आणतो, पण ‘किरण’ हा शब्द वाचताना अडखळतो. शाळेत तो ‘ढ’ ठरतो, घरी आळशी. मूल आपल्या वस्तीतले असेल तर ‘त्यांच्या घरात अभ्यासाचे वातावरणच नसते’ हे उत्तर तयारच असते, त्यामुळे तपासणीचा विषयच निघत नाही. महागड्या शाळेतल्या मुलाला डिस्लेक्सिया असतो, नगरपालिकेच्या शाळेतले मूल मात्र ढच राहते. आमच्या मते हाही जातीचाच प्रश्न आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धीची कमतरता नव्हे, नजरेचा दोषही नव्हे. शब्दातले सुटे आवाज ओळखून ते अक्षरांशी जोडणे या मुलांना जड जाते. मराठी बोलतो तशीच लिहितो, मग अडचण कसली, असे अनेकांना वाटते. पण ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. ‘सूर्य’मधला र तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय ब-व, घ-ध, भ-म ही जवळजवळ सारखी दिसणारी अक्षरे आहेतच.

अशा मुलांसाठी क्रमबद्ध वाचन शिकवण्याची पद्धत अमेरिकेत १९३०च्या दशकापासून सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या कामातून पुढे आली. तिचे तत्त्व मराठीला सहज लागू पडते. सुरुवात वहीशिवाय करायची. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते? हा खेळ जमू लागला की क, म, ल, न, र एवढीच अक्षरे घ्यायची आणि त्यांतूनच कमल, नरम, नकल असे शब्द वाचायचे. मग काना: नाक, कान, लाल. वेलांटी त्यानंतर, तीही एका वेळी एकच. ब आणि व एकाच आठवड्यात शिकवू नयेत. जोडाक्षरे आणि रफार शेवटी. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, म्हणजे डोळा, कान आणि हात एकत्र काम करतात. जे शिकवलेलेच नाही ते वाचायला द्यायचे नाही. आणि धडा दहा वेळा उतरवून काढण्याची शिक्षा तर बंदच करावी. मूल त्यात अक्षरांची चित्रे काढते, वाचत नाही.

विहारातल्या अभ्यासिकेत रोज अर्धा तास, एका ताईकडे दोन-तीन मुले, एवढ्यावर हे सुरू करता येते. रविवारी एकदम दोन तास बसवून उपयोग होत नाही. चूलपंथकाची कथा आपण धम्मवर्गात सांगतोच. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहाराबाहेर काढले. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ कापड दिले, वेगळ्या वाटेने शिकवले आणि तो अर्हत झाला.

कायदाही आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अशी मुले लवकर ओळखणे, परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देणे, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देणे यांची तरतूद त्यात आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागते, म्हणून पालकांसोबत सरकारी रुग्णालयात कार्यकर्त्याने स्वतः जावे. रोजंदारी बुडवून आलेली आई ‘उद्या या’ ऐकून परत फिरते, ती बहुधा पुन्हा येत नाही. प्रमाणपत्र मिळेपर्यंत शिकवणे मात्र थांबवू नये.