उंदराचा मेंदू आणि पक्षाघात

पाट तुंबला म्हणजे सारें शेत एकदम वाळत नाहीं, हें खंडाळ्याच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. मधलें पीक करपतें. कडेचें पीक शेजारच्या ओलाव्यावर कांहीं काळ तग धरतें. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनें बंद झाली असतां असेंच घडतें. ही कड किती वेळ वाचवितां येते, हें माणसांत अडथळा मुद्दाम निर्माण करून पाहतां येत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले.

१९८६ सालीं जपानांत कोइझुमी यांनी एक रीत प्रसिद्ध केली. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या मानेंतील धमनींतून बारीक नायलॉनचा धागा वर सरकवून मेंदूची मधली धमनी अडवावयाची; धागा ओढून घेतला कीं रक्त पुन्हां वाहूं लागतें. त्यामुळें विलंब आणि हानि यांचें नातें मोजतां आलें.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगांतील उंदीर बहुधा तरुण व निरोगी. रोगी बहुधा वृद्ध, रक्तदाबानें वा मधुमेहानें ग्रासलेला. प्राण्यांत गुणकारी दिसलेलें 'एनएक्सवाय-०५९' हें औषध, २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या परीक्षेंत माणसांना निरुपयोगी ठरलें.

गुठळी विरघळविणारें औषध मात्र १९९५ सालीं माणसांतहि कसोटीस उतरलें. तें सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. म्हणून तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला वा वाचा अडखळली, तर तेल चोळीत बसूं नये. त्याच क्षणीं इस्पितळाची वाट धरावी.