रोव्हर्स कप आणि खेळाडूची रोजी

युरोपातल्या क्लबांच्या कपासाठी आमच्या चंदनसारची पोरे रात्र रात्र जागतात. सकाळी शिलाई मशीनवर बसली की सुईपेक्षा जीभ जास्त चालते. मुंबईतही १८९१ पासून असा बाद पद्धतीचा कप होता, रोव्हर्स. हरला तो घरी. उधारी नाही, पुढची तारीख नाही.

१९३६ पर्यंत तो गोऱ्या पलटणींनीच नेला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने त्यांची सद्दी मोडली आणि पुढच्या वर्षीही कप राखला. १९४० मध्ये कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने जिंकला. मग १९५० ते १९५४ सलग पाच वेळा हैदराबाद सिटी पोलीस! त्यांचे उस्ताद सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. उस्तादांची मेहनत मोठीच, पण आमच्या व्यापारी नजरेला त्यामागे पगारही दिसतो. खेळाडू पोलिसात नोकरीला; चुलीची चिंता नाही म्हणून पायात दम. १९५८ मध्ये मुंबईच्या कालटेक्स या तेल कंपनीच्या संघाने कप घेतला, तोही याच हिशेबाने. मफतलालसारख्या कापडवाल्यांनीही संघ पोसले.

तरुणपणी आम्ही मूळजी जेठा मार्केटात माल बांधून कूपरेज मैदान गाठायचो आणि विरार लोकलने उभ्याने परतायचो. २००१ च्या सुमारास कप बंद पडला.

गेल्या वर्षी आम्ही इथल्या पोरांना जर्सीचे कापड फुकट दिले, पाठीवर दुकानाचे नाव छापून. त्यांच्या गोलकीपरने विचारले, "शेठ, काउंटरवर जागा आहे का?"

आम्ही म्हणालो, ईदचा सीझन जाऊ दे, मग बघू.