बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे

जळगांवाहून नागपूरकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे भुसावळ मागें पडल्यावर मलकापूर स्टेशन लागतें. तेथून दक्षिणेस घाट चढून गेलें कीं बुलढाणा. खानदेशाच्या शेजारचें हें गांव आपल्या परिचयाचें आहे; परंतु मराठी भाषेंत स्त्रियांची बाजू निर्भयपणें मांडणारें एक अपूर्व पुस्तक जिनें लिहिलें ती याच गांवची, हें आपल्यापैकीं किती कुटुंबांत ठाऊक असेल?

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास सरकारी कचेरींत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशीं त्यांचा निकट संबंध होता. आपल्या कन्येस त्यांनीं घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. पुढें रूढीप्रमाणें लहान वयांतच तिचें लग्न झालें; जांवई सासऱ्यांच्या घरीं येऊन राहिले. मूलबाळ झालें नाहीं.

१८८१ सालीं सुरतेस विजयलक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भयानें तिनें आपल्या अर्भकाचा जीव घेतला, असा आरोप शाबीत होऊन तिला फांशीची शिक्षा सुनावण्यांत आली. अपिलांत ती बदलून काळ्या पाण्याची झाली. या निमित्तानें 'पुणेवैभव' पत्रानें स्त्रीजातीच्या अनीतीवर तोंडसुख घेतलें. अर्भकास जशी माता तसा पिताही असतो. परंतु दोषाचें सारें ओझें एकट्या स्त्रीच्या माथीं आलें.

तें वाचून ताराबाईंनीं लेखणी उचलली. १८८२ त पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत 'स्त्रीपुरुषतुलना' हें त्यांचें पुस्तक छापलें गेलें. प्रती ५००, किंमत ९ आणे. भाषा घरगुती, पण धार मोठी तिखट. जे जे दुर्गुण स्त्रियांच्या अंगीं चिकटविले जातात, ते ते पुरुषांतही नाहींत काय, हा त्यांचा मूळ प्रश्न. पत्नी वारल्यावर पुरुषानें दुसरी करावी, तिसरी करावी, त्यांत कोणास वावगें दिसत नाहीं. मग पति वारल्यावर स्त्रीनेंच असा कोणता अपराध केला कीं तिला जन्माची अंधारकोठडी मिळावी? स्वतः नव्या चालीचे कपडे व जोडे घालून हिंडणाऱ्यांनीं धर्माचें रक्षण तेवढें बायकांवर सोपवावें, हा कोठला न्याय?

येथें आपल्यासारख्या वाचकांनीं क्षणभर थांबावें. ताराबाई मराठा घराण्यांतल्या. ज्या विधवेसाठीं त्या लढल्या ती ब्राह्मण. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता. पण आपल्याच जुन्या वाड्यांतून आलवण नेसलेली, केशवपन केलेली एखादी आत्या किंवा काकू माजघराच्या कोपऱ्यांत आयुष्य कंठीत असे. तिच्या हातचें सोवळ्यांतलें अन्न घरास चाले, मंगलप्रसंगीं तिचें तोंड मात्र चालत नसे. तिची बाजू बोलण्यास बाहेरची एक स्त्री उभी राहिली, हें ऋण आपण मानलेंच पाहिजे.

पुस्तकाचें स्वागत झालें तें बहुतांशीं निंदेनें. जोतीरावांनीं १८८५ मध्यें 'सत्सार' मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचें दुसरें पुस्तक मात्र उपलब्ध नाहीं, आणि हेंही विस्मरणांत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें मराठी वाचकांस त्याची ओळख पटली.

दूर पश्चिम आफ्रिकेंत, नायजेरियांतील अबेओकुटा येथें, फुन्मिलायो रॅन्सम-कुटी या शिक्षिकेनें १९४० नंतरच्या दशकांत बाजारांत बसणाऱ्या हजारों स्त्रियांस संघटित करून जाचक करांविरुद्ध लढा दिला. १९४९ त तेथील राजास गादी सोडावी लागली. त्यांच्या पाठीशीं संघटना होती. ताराबाईंच्या हातीं केवळ लेखणी होती.

आतां केशवपन गेलें, आलवण गेलें. परंतु कुंकू पुसणें आणि बांगड्या फोडणें बंद करण्यासाठीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीस मे २०२२ मध्यें ठराव करावा लागला, हेंही विसरतां येत नाहीं. हळदीकुंकवाचें बोलावणें घरोघर जातें, तेव्हां एखादें दार आपण वगळून पुढें जातों कीं काय, एवढें जरी प्रत्येकीनें स्वतःस विचारलें, तरी ताराबाईंचे ते ९ आणे सार्थकीं लागले असें म्हणतां येईल.