लॉगमधला टॉर्क खरंच मोजलेला असतो का?

अंधेरीतल्या गॅरेजमधून रिमॅप केलेल्या पोलो जीटी टीएसआयचा डेटा लॉग तुमच्या हाती आला, तर टॉर्कच्या रकान्याकडे जरा संशयानेच बघा. चाकणला बनलेली ही गाडी २०१३ ची: १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा डीएसजी. गिअरबॉक्स २५० पर्यंत झेपवतो. म्हणजे भरपूर वाव आहे, असं वाटतं ना?

पण गाडीत टॉर्क मोजणारा सेन्सरच नसतो. ईसीयू हवा, इग्निशनची वेळ वगैरेंवरून अंदाज बांधतो आणि तो आकडा गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कळवतो. तो बिचारा त्यावर विश्वास ठेवून क्लच किती दाबायचा ते ठरवतो. आता बूस्ट वाढवून ट्यूनरने हे गणितच खोटं केलं तर? समजा खरा टॉर्क २३०, कळवलेला १७५. क्लच कमी दाबला जातो, घसरतो, तापतो. हा क्लच कोरडा, थंड करायला तेल नाही. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरची रांगती गर्दी त्याला आधीच तापवत असते.

म्हणून थिसिसमध्ये टॉर्क ‘मोजलेला’ की ‘ईसीयूने अंदाजलेला’ ते लिहाच. डायनोवर आधी आणि नंतर, एकाच पेट्रोलवर मोजा. आणि इंजिन नि गिअरबॉक्सच्या फाइल एकदम बदलू नका. मग फरक कशामुळे पडला ते गाइडलाही सांगता येणार नाही.