वृक्षांची निळी बाष्पें

अमेरिकेच्या आग्नेय भागांत ‘ग्रेट स्मोकी’, म्हणजे ‘धुरकट’, नांवाचे पर्वत आहेत. तेथें अग्नि नसतांही निळसर धूसरता दिसते. तिचें मूळ वनस्पतींनीं सोडलेल्या बाष्पांत आहे, असें फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९६० सालीं प्रतिपादिलें. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांतून पायनीन नांवाची सुगंधी वाफ निघते. हवेंतील ओझोनशीं तिचा संयोग झाला म्हणजे तिच्या रेणूंत प्राणवायु शिरतो. त्यांची उडून जाण्याची शक्ति मंदावते व ते एकत्र येऊन अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण निळा प्रकाश अधिक विखुरतात; म्हणून धूसरता निळी. कण वाढले म्हणजे त्यांवर पाणी सांचून मेघबिंदु जन्मतात. विद्यार्थिमित्रहो, अरण्य तोडतांना लांकडाबरोबर मेघांचें हें बीजही आपण नष्ट करतों, हें ध्यानांत असावें.