कुत्र्याच्या कण्यास इजा झाल्यास घरी करावयाची शुश्रूषा

बीड जिल्ह्यात वस्तीवरचा कुत्रा हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार होय. मेंढरांच्या वाड्याजवळ लांडग्याची चाहूल प्रथम त्यालाच लागते. ऊसतोडीचा हंगाम आला म्हणजे अनेक कुटुंबांच्या गाडीमागे तोही कारखान्याची वाट धरतो, आणि याच वाटेवर तो पुष्कळदा बैलगाडीच्या किंवा ट्रॅक्टरच्या चाकाखाली सापडतो. काठीचा जोराचा तडाखा किंवा उंचावरून पडणे यांमुळेही कणा दुखावतो. 2021 च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातील लवूळ येथे वानरांनी कुत्र्यांची पिले उंचावर नेल्याचे व ती खाली पडून मेल्याचे वृत्त देशभर गाजले. अखेर वनखात्याने दोन वानरे पकडून नेली.

मागचे पाय लुळे पडलेला कुत्रा ‘आता गेलाच’ असे समजून बांधावर टाकून दिला जातो. हे घाईचे आहे. पाय लुळे पडणे म्हणजे मज्जारज्जू तुटणे असे नेहमीच नसते. तो नुसता दबला किंवा सुजला असल्यास काही आठवड्यांत पायांत पुन्हा बळ येऊ शकते. मात्र त्या काळात लघवी तुंबून व अंगावर जखमा होऊन कुत्रा दगावू नये, एवढी काळजी घरच्यांनी घ्यावयाची असते.

प्रथम एक सावधगिरी. अपघात कोणी पाहिलेला नसेल, खरचटल्याची खूण नसेल, आणि कुत्र्याचा जबडा लोंबत असून लाळ गळत असेल, तर ती पिसाळण्याची खूण असू शकते. अशा कुत्र्यास हात लावू नये, त्याच्या तोंडात तर मुळीच घालू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एरवी शांत असलेला कुत्राही वेदनेने धन्यास चावतो. त्याचा श्वास नीट चालत असल्यास नाकाभोवती कापडाची पट्टी सैलसर बांधावी. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

जखमी कुत्र्यास पाय धरून उचलू नये. पाठ न वाकविता त्यास हळूच फळीवर सरकवावे, चादरीने सैल बांधावे आणि दवाखान्यात न्यावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. क्ष-किरण तपासणी किंवा शस्त्रक्रिया लागल्यास परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय बीडकरांस जवळ पडते. दुखणे थांबावे म्हणून माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. पाठीवर डाग देणे किंवा पाठ रगडणे यांनी अपायच होतो.

डॉक्टर पायाचे बोट चिमट्याने दाबून पाहतात. त्या वेळी कुत्र्याने नुसता पाय आखडला म्हणजे त्यास वेदना कळली असे नाही. ती क्रिया मेंदूवाचूनही घडते. त्याने मान वळवून पाहिले, तो कण्हला किंवा चावावयास आला, तर आशा चांगली समजावी. कणा मोडून ही जाणीवच गेली असेल तर पुन्हा चालण्याची शक्यता फार थोडी असते. हे डॉक्टरांकडून प्रथमच स्पष्ट विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेची गरज नसल्यास मुख्य औषध म्हणजे विश्रांती. साधारण चार ते सहा आठवडे. घराच्या कोपऱ्यात फळ्या लावून कुत्र्यास वळता येईल पण उडी मारता येणार नाही एवढीच जागा करावी. साखळीने बांधणे हा पर्याय नव्हे, कारण ओढाताणीत कणा पुन्हा दुखावतो. खाली कडब्याची बारीक कुट्टी भरलेले पोते व त्यावर रोज धुतलेले कापड घालावे. स्वतः कूस बदलता येत नसेल तर दर चार तासांनी ती बदलावी. नितंब, कोपर व घोटा येथे कातडी लाल झाली की जखम होण्यापूर्वीच तेथे मऊ आधार द्यावा. चैत्र-वैशाखात पाणी तोंडापाशी ठेवावे. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत अळ्या पडतात, म्हणून शेपटीखालचा भाग दिवसातून दोनदा धुऊन कोरडा करावा.

लघवीकडे विशेष लक्ष द्यावे. कापड सतत ओले दिसते म्हणून लघवी होत आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः मूत्राशय भरून वाहू लागले म्हणजेही तशीच गळती होते, आणि आत तुंबलेली लघवी मूत्रपिंडापर्यंत दोष पोहोचविते. मागील पायांच्या पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंस तळहात ठेवल्यास भरलेले मूत्राशय लहान चेंडूसारखे लागते. ते हळूहळू, एकसारखे दाबून दिवसातून तीन-चार वेळा रिकामे करावे. ही कृती डॉक्टरांसमोर एकदा स्वतः करून शिकावी. जोर लावल्यास मूत्राशय फुटण्याचे भय असते. लघवीस घाण वास किंवा रक्ताची छटा आल्यास त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरची तरुण मंडळी तोडीस गेली असतील तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी हे आधीच शिकून घेतले पाहिजे.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर लुळे पाय हळूच आखडावे व पसरावे. प्रत्येक सांधा दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. पुढे जुन्या लुगड्याचा रुंद पट्टा पोटाखालून घालून मागील भाग उचलून धरावा आणि मातीच्या जमिनीवर पाच मिनिटे चालवावे. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. पाण्यातील व्यायाम उपयोगी पडतो खरा, पण त्याचा अर्थ कुत्रा विहिरीत किंवा बंधाऱ्यात सोडून द्यावा असा नव्हे.

तीन महिन्यांनंतरही मागचे पाय उचलत नसतील, पण कुत्रा खातो-पितो, शेपटीवर हात पडताच ओरडतो, ओळखीच्या माणसास पाहून पुढे सरकतो, तर दोन चाकांचा गाडा करून घ्यावा. नळाच्या पोकळ नळ्या व हलकी चाके एवढ्यावर गावचा कारागीर तो बनवू शकतो. मागचा भाग झोळीत पेलला जावा, पाठ सरळ राहावी आणि पट्टा मांडीत रुतू नये, हे पाहावे. आरंभी दहा मिनिटांहून अधिक वेळ जुंपू नये, आणि कुत्रा एकटा असताना गाडा काढून ठेवावा, कारण त्यात त्यास बसता येत नाही.